थेंबाची वाट

सूर्योदयाचा मोह आज सोडून द्या. बंगळूरजवळच्या नंदीबेट्टावर जाणारे बहुतेक लोक पहाटेच्या त्या अर्ध्या तासासाठीच जातात. अंधारात गाड्यांची रांग, फाटकापाशी खोळंबा, वर धुक्यात उंचावलेले मोबाईल. ते दृश्य सुंदरच असतं, पण ते बघून माणूस लगेच नाश्त्याला पळतो. मननाला गर्दी चालते, घाई चालत नाही. म्हणून आठवड्यातला मधला दिवस धरा, पावसाळा सरत आलेला असू द्या, आणि गाडीरस्ता सोडून सुलतानपेटच्या बाजूच्या जुन्या पायऱ्यांनी चढा. घरी बसून वाचत असाल तरी हरकत नाही. मध्ये मध्ये थांबलात, खिडकीबाहेर पाहिलंत, तरी पुष्कळ झालं.

बरोबर एकच गोष्ट न्यायची आहे. या डोंगरावर पडलेला पाण्याचा थेंब कुठे जातो, हा प्रश्न.

चढायच्या आधी पायथ्याच्या नंदी गावात थोडं बसू. इथलं भोगनंदीश्वराचं देऊळ नवव्या शतकापासूनचं. नोळंब, गंग, चोळ, होयसळ, विजयनगर, ज्यांनी ज्यांनी हा मुलूख धरला त्यांनी इथे काही ना काही भर घातली. शेजारी शेजारी दोन गाभारे आहेत. अरुणाचलेश्वर हे शिवाचं बालरूप, भोगनंदीश्वर हे तारुण्य, आणि माथ्यावरच्या देवळातला योगनंदीश्वर म्हणजे संन्यास, अशी इथली श्रद्धा. म्हणजे जी वाट आपण आता चढणार आहोत ती भोगाकडून योगाकडे जाणारी वाट आहे. असं जाणून चढलं की पायऱ्या वेगळ्या वाटतात, हा माझा अनुभव.

देवळाच्या आवारात शृंगीतीर्थ नावाची मोठी पुष्करणी आहे. इकडे तिला कल्याणी म्हणतात. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या. दक्षिण पिनाकिनी नदी इथून निघते असं परंपरा सांगते. एका पायरीवर बसा आणि समोरच्या पायऱ्यांकडे नीट पाहा. पाण्याच्या वर दगडावर आडव्या रेघा दिसतील. सगळ्यात वरची फिकट आणि कोरडी, तिच्याखालची जरा गडद, आणि पाण्याला टेकलेली हिरवी, शेवाळलेली. दर रेघ म्हणजे एखाद्या काळातली पाण्याची पातळी. कुणी लिहून ठेवलेली नाही, पाण्यानेच मागे ठेवलेली. सगळ्यात वरच्या रेघेपासून आजच्या पाण्यापर्यंत किती पायऱ्या आहेत, ते डोळ्यांनी हळूहळू उतरत मोजा. उत्तराची घाई नको.

आता उठू.

पहिल्या शंभरेक पायऱ्यांत बोलणं आपोआप बंद होतं. होऊ द्या. सह्याद्रीत चढलेल्या पायांना इथला दगड अनोळखी लागतो. आपला काळा कातळ लाव्हाच्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे आपल्या डोंगरांना कडे आहेत, टप्पे आहेत, आडव्या पट्ट्या आहेत. इथले डोंगर गोल, गुळगुळीत, फिकट राखाडी. बंगळूरच्या पोटात जो नाईस खडक आहे, जो लालबागेत टेकाडाच्या रूपाने वर आला आहे आणि ज्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं आहे, तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. रामनगरचे, सावनदुर्गाचे ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे त्याच्याहून धाकटे, तरी अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे. सह्याद्री या मानाने कालचा म्हणायचा.

वाटेत एखादा उघडा कातळ दिसला की त्यावर तळहात टेकवा. जमिनीत खोल, दाबाखाली तयार झालेला हा ग्रॅनाइट वरचं ओझं झिजून गेल्यावर सैलावतो आणि कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. बोटाने चाचपलंत तर अशा पापुद्र्याची कड सापडेल. तिच्याखाली जी बारीक फट आहे, तीच आजच्या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात. अखंड ग्रॅनाइट पाणी पीत नाही. तो पाण्याला फटींतूनच आत घेतो. पावसाचं पाणी उघड्या कातळावरून धावत सुटतं, आणि जे फटीत शिरतं ते मात्र महिनोन्महिने आतल्या आत, थेंबाथेंबाने सरकत राहतं. डोंगरातले झरे उन्हाळ्यातही वाहतात ते या आतल्या पाण्यावर. जे धावतं ते डोळ्यांना दिसतं. झऱ्याला पुरतं ते मुरलेलं.

थोडं अधिक चढलात की हवा बदलते. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 1478 मीटरवर, म्हणजे बंगळूरपेक्षा साधारण साडेपाचशे मीटर उंच. खाली चहूकडे कोरडा, काटेरी झुडपांचा प्रदेश आणि वर अचानक दाट, सदाहरित झाडी. ही झाडी ढगांवर जगते. पश्चिम घाटात राहणारं निलगिरीचं रानकबूतर आपल्या मुख्य प्रदेशापासून इतक्या दूर, या एका डोंगरावर वस्ती करून आहे, ते या झाडीमुळेच. चहूकडच्या कोरड्या मुलखात हे ओलं बेट टिकलं, आणि त्या बेटावर हा पक्षी टिकला.

इथे एका झाडाखाली थांबा. धुकं असेल तर उत्तमच. पाऊस नाही, आकाशातून काही पडत नाही, तरी झाडाखालची माती ओली आहे आणि दोन पावलांवरची उघडी माती कोरडी. एक पान निवडा. त्याच्या पृष्ठभागावर धुक्याचे बारीक कण बसतात, एकमेकांत मिसळतात, मधल्या शिरेकडे सरकतात, शिरेवरून टोकाकडे येतात. टोकाशी थेंब तयार होतो, फुगतो, लांबतो, थोडा थरथरतो आणि सुटतो. पुन्हा पहिल्यापासून. या एका थेंबाला किती वेळ लागतो ते घड्याळाने मोजू नका, श्वासाने मोजा. थेंब सुटला की नवा श्वास. असं काही वेळ करा, मग पान सोडून संपूर्ण झाडाकडे पाहा, मग झाडीकडे. इथे प्रत्येक पान हेच काम करतं आहे.

आपला थेंब आता जमिनीवर आला आहे. पुढे?

माथ्यावर अमृत सरोवर आहे, झऱ्याच्या पाण्यावर भरणारं, पायऱ्यांनी बांधून काढलेलं. चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारांपासून हैदर, टिपूपर्यंत ज्यांनी ज्यांनी हा किल्ला राखला ते सगळे या पाण्यावर राहिले. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. हा डोंगर पाहिला असता तर ते समाधान पावले असते. 1791 च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी किल्ला घेतला. पुढे मार्क कबन या इंग्रज अधिकाऱ्याने इथे बंगला ठेवला, आणि 1927 च्या उन्हाळ्यात आजारातून उठण्यासाठी गांधीजी इथे येऊन राहिले. थंड हवेचं ठिकाण म्हणून लोकांना हे सगळं ठाऊक असतं. या डोंगराची खरी थोरवी मात्र मला दुसरीकडे दिसते.

कठड्यापाशी उभे राहा आणि हळूहळू, पूर्ण गोल फिरत सगळ्या दिशांना पाहा. शेजारी स्कंदगिरी, ब्रह्मगिरी, चन्नगिरी. या एवढ्याशा डोंगरझुबक्यातून उत्तर पिनाकिनी म्हणजे पेन्ना निघते आणि उत्तरेला आंध्रात जाते, गंडिकोटाजवळ लाल खडकात खोल घळ कोरते आणि नेल्लोरच्या पुढे समुद्राला मिळते. दक्षिण पिनाकिनी निघते, होसकोट्यावरून तमिळनाडूत उतरते आणि कडलूरला समुद्र गाठते. पालारचा उगमही याच परिसरातला मानतात. ती वेल्लोर, कांचीपुरमच्या बाजूने जाते. आणि अर्कावती. तिच्या उगमाची जागा इथे माथ्यावरच दाखवतात. ती नैर्ऋत्येला वळते, हेसरघट्ट्याहून रामनगर, कनकपुरावरून संगमला कावेरीत जाते.

महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात ज्यांनी ओंजळ धरली आहे त्यांना हे चटकन उमजेल. तिथे सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि कृष्णा सगळा दख्खन ओलांडून पूर्वेला जाते, दोन्ही एकाच माथ्यावरून. आल्प्समध्ये आंडरमाट नावाचं स्विस गाव आहे, सुमारे 1440 मीटरवर, म्हणजे आपण आत्ता उभे आहोत जवळपास त्याच उंचीवर. त्या गावाच्या भोवतालच्या डोंगरांतून ऱ्हाइन, ऱ्होन, रॉइस आणि टिचिनो अशा चार नद्या निघतात, आणि त्यांचं पाणी उत्तर समुद्र, भूमध्य समुद्र आणि एड्रियाटिक असं तीन दिशांना जातं. चारही उगम जोडणारी पंच्याऐंशी किलोमीटरची पायवाट तिथे आखलेली आहे. लोक ती पाच दिवसांत चालतात. त्याच वाटेवर ऱ्होन हिमनदीच्या काही भागावर उन्हाळ्यात पांढरी कापडं अंथरतात, बर्फ वितळणं जरा लांबावं म्हणून. नदीच्या उगमाला पांघरूण घालायची वेळ आली, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे बर्फ नाही. पण उगम जपायची वेळ आपल्यावरही आलेली आहे, आणि आपण कापडसुद्धा अंथरलेलं नाही.

आता पानावरून सुटलेला तो थेंब अर्कावतीच्या बाजूला पडला असं धरा आणि त्याच्याबरोबर चाला. सावकाश. मनातल्या मनात चालायला पाय दुखत नाहीत, तेव्हा कुठे उडी मारू नका.

तो पहिल्यांदा गवताच्या मुळाशी जातो. तिथून एखाद्या ओघळीत, ओघळीतून ओढ्यात, ओढ्यातून तळ्यात. इथल्या गावांनी शतकानुशतकं तळ्यांच्या माळा बांधल्या. वरचं तळं भरलं की सांडवा खालच्या तळ्याला पाणी देतो. या तळ्यांना इकडे केरे म्हणतात. अशा माळेतून उतरत थेंब हेसरघट्ट्याला पोचतो. 1890 च्या दशकात बंगळूरला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं ते हेसरघट्ट्याहून. ते अपुरं पडल्यावर 1933 साली आणखी खाली, तिप्पगोंडनहळ्ळीला धरण झालं, चामराजसागर. म्हणजे दोन पिढ्यांहून अधिक काळ बंगळूरच्या घरोघरी जे पाणी होतं ते या डोंगराचं होतं. ज्यांच्या आजीने मल्लेश्वरमला किंवा बसवनगुडीला संसार केला त्यांच्या घरची डाळ या पाण्यात शिजली.

इथे थांबा. कारण थेंबही आता इथेच थांबतो.

अर्कावती बहुतेक वर्षं पूर्वीसारखी वाहत नाही. पाऊस आटला म्हणून नव्हे. अभ्यासकांनी दोन कारणं पुन्हा पुन्हा दाखवली आहेत: बोअर मारून भरमसाट उपसलेलं भूजल, आणि खोऱ्यात शेतजमिनीवर झालेली निलगिरीची लागवड. शिवाय ओढ्यांच्या वाटेत उभी राहिलेली बांधकामं. तिप्पगोंडनहळ्ळीत येणारं पाणी घटत गेलं, आलं ते दूषित होत गेलं, आणि शहराला तिथून पाणी देणं थांबवावं लागलं.

निलगिरीची गोष्ट तर इथे, या माथ्यावरच सुरू होते. भारतात हे झाड पहिल्यांदा लावलं गेलं ते सुमारे 1790 साली, टिपूच्या नंदीदुर्गावरच्या बागेत, असं वनशास्त्राची पुस्तकं सांगतात. ऑस्ट्रेलियाचं झाड, सरळ, उंच, सुगंधी पानांचं, कौतुकाने लावलेलं. पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी त्याच झाडाची रानं पायथ्याच्या शेतांवर पसरली. त्याला राखण लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, कागदाच्या गिरण्या आणि बांधकामवाले वासे विकत घेतात. शहरात नोकरीला गेलेल्या माणसाच्या पडीक शेताला ते सोयीचं. त्याची मुळं खोल जातात आणि जे पाणी ओढ्याला मिळायचं ते पानांतून हवेत जातं. 2017 साली कर्नाटक सरकारने निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. टिपूला दोष देण्यात अर्थ नाही, आणि त्या शेतकऱ्यालाही नाही. एका बागेतलं झाड आणि एक नदी यांच्यामध्ये दोनशे वर्षांचं अंतर असतं, तेव्हा ते अंतर लावणाऱ्याला दिसत नाही. हे मनात असू द्या आणि आपण आज जे लावतो, बांधतो, खोदतो, त्यातल्या एका गोष्टीची आठवण करा. एकच पुरे.

पायथ्याच्या परिसरात मुद्देनहळ्ळी नावाचं गाव आहे, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं जन्मगाव. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेल्या या माणसाने 1903 साली खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पुणेकरांनी त्यांच्या हुशारीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं आहे. नंतर म्हैसूर संस्थानात त्यांनी कावेरीवर कृष्णराजसागर उभं केलं. या डोंगराच्या सावलीत वाढलेला मुलगा महाराष्ट्रात गेला आणि पाणी अडवायचं शास्त्र घेऊन परत आला, हे मला इथे उभं राहून नेहमी आठवतं. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीतच आहे.

आज बंगळूर कावेरीचं पाणी पितं. 1974 पासून ते पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं, आणि जवळपास पाचशे मीटर वर चढवून. तुम्ही आत्ता ज्या पायऱ्या चढून आलात तेवढीच जवळजवळ ही चढण. पोटऱ्या अजून भरलेल्या असतील, त्यांच्याकडे लक्ष द्या. बंगळूरच्या घराघरातल्या नळाचा प्रत्येक पेला इतकी चढण चढून आलेला आहे, रात्रंदिवस चालणाऱ्या पंपांच्या जोरावर.

आणि वापरून झाल्यावर? यातला एक भाग ऐकून मी पहिल्यांदा चकितच झालो होतो. शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून पुन्हा पंपांनी वर पाठवतात. 2018 पासून कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातलं पाणी कोलारच्या तळ्यांत जातं, आणि त्यानंतर हेब्बाळ-नागवार खोऱ्यातलंही चिक्कबळ्ळापूरच्या बाजूच्या तळ्यांत जाऊ लागलं. म्हणजे ज्या डोंगरावरून नद्या खाली उतरतात, त्याच्याच पायथ्याच्या तळ्यांत आता कावेरीचं, एकदा प्यायलेलं, धुतलेलं, आंघोळ केलेलं पाणी भरतं. कोरडी तळी भरली म्हणून आनंदलेले शेतकरी आहेत. प्रक्रिया पुरेशी नाही, भूजल बिघडेल, म्हणून लढणारेही आहेत. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांचं पटणं हेच अवघड आहे. या अवघडपणाजवळ थोडा वेळ बसा. लगेच बाजू घेऊ नका. पाणी वर चढतं आहे आणि खाली येत नाही, एवढं एकच वाक्य मनात ठेवून दहा श्वास घ्या.

आता थेंबाला वाटेवर परत आणू. एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षी तो पोचतोच. संगमला कावेरीत मिसळतो, मेकेदाटूच्या घळीतून दडदडत जातो, मेट्टूरला स्थिरावतो, श्रीरंगमच्या दोन्ही अंगांनी वाहतो आणि तंजावरच्या भातखाचरांत शिरतो. बंगळूर 1638 साली विजापूरकरांकडे आलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत पडलं. या कठड्यावरून दिसणारा होसकोटे, कोलार, बाळापूरचा मुलूखही त्यांच्याकडे होता. त्यांचा मुलगा व्यंकोजी इथून तंजावरला गेला, 1670 च्या दशकात तिथे राजा झाला, आणि 1855 पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य राहिलं. बृहदीश्वराच्या देवळात त्या घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरलेला आहे, 1803 सालचा. घोड्यावरून गेलेली माणसं आणि पानावरून सुटलेला थेंब, दोघांचा शेवटचा मुक्काम एकच. इकडच्या मराठी माणसाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. ते कळलं की हा डोंगर परका वाटत नाही.

उतरताना घाई करू नका, ओल्या ग्रॅनाइटवर पाय सटकतात. गुडघे दुखले तर आडवं पाऊल टाका. खाली नंदी गावात इडली मिळेल.

ज्यांना डोंगर चढणं शक्य नाही त्यांनी मल्लेश्वरमला जावं. काडू मल्लेश्वराचं देऊळ याच व्यंकोजीच्या काळातलं, तिथला 1669 चा शिलालेख आहे. समोरच दक्षिणमुख नंदीतीर्थ. मातीखाली गाडलं गेलेलं हे तीर्थ 1990 च्या दशकात खणून उघडं केलं. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर पडते आणि तिथून कल्याणीत जाते. वृषभावतीचा एक उगम इथला मानतात, दुसरा बसवनगुडीच्या मोठ्या नंदीपाशी. वृषभावती म्हणजे आज शहराचा काळा नाला, आणि तो अर्कावतीलाच मिळतो.

बंगळूर स्वतःच एका कण्यावर वसलेलं आहे. कण्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस वृषभावतीने अर्कावतीकडे आणि कावेरीकडे जातो. पूर्वेला पडलेला हेब्बाळ किंवा बेळ्ळंदूर, वर्तूरच्या तळ्यांतून दक्षिण पिनाकिनीला. बेळ्ळंदूरचा फेस आणि पाण्यावर लागलेली आग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे, पण ते पाणी आपल्या मोरीतलं होतं का, हे फार थोड्यांनी विचारलं. बंगळूरला राहत असाल तर तुमचं घर कण्याच्या कोणत्या बाजूला आहे? नकाशा नको. पुढचा मोठा पाऊस थांबला की छत्री घेऊन खाली उतरा, गच्चीच्या पन्हळीतून पडणारं पाणी गटारात कुठल्या दिशेला वळतं ते पाहा, आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. तिथून पुढच्या नाल्याचं नाव शेजाऱ्याला विचारा. दुसऱ्या पावसात आणखी पुढे.